दारासिंग त्या यादीत नाही

जून १९८३. दिल्लीत भरलेली ती स्पर्धा दारासिंग यांची शेवटची. उद्घाटनाला राजीव गांधी, करंडक राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हातून. तो घेऊन पैलवानानं निवृत्ती जाहीर केली. पुढे हाच माणूस २००३ ते २००९ अशी सहा वर्षं राज्यसभेत बसला, दिल्लीकरांना संसदेच्या आवारात दिसत राहिला, आणि १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत गेला. २०१८ साली अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीनं त्यांना आपल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये मरणोत्तर मान दिला. पण याच कंपनीच्या नावानं दरवर्षी जो व्हिडिओ गेम बाजारात येतो, ज्याच्या यादीत हल्ली शेकडो पैलवान असतात आणि त्यात जुन्या जमान्यातले ढिगानं असतात, त्यात दारासिंग नाहीत.

ही यादी आखाड्यात ठरत नाही. ती वकिलांच्या टेबलावर, कुटुंबांच्या सह्यांवर, जुन्या भांडणांवर आणि कधी कधी निव्वळ नशिबावर ठरते. हे एकदा कळलं की या गेमकडे बघण्याची नजरच बदलते. पडद्यावर कोण लढतंय यापेक्षा तो तिथवर कसा पोचला, याचीच गोष्ट मोठी असते.

रँडी सॅव्हेजचंच बघा. 'मॅचो मॅन' म्हणून ज्याला नव्वदच्या दशकातली आमची अख्खी पिढी ओळखते, तो रंगीत झगा, चकचकीत गॉगल आणि घशातून घरघरत येणारा आवाज असलेला गडी. १९९४ साली तो कंपनी सोडून प्रतिस्पर्ध्यांकडे गेला आणि त्यानंतर मालक व्हिन्स मॅकमहन यांच्याशी त्याचं जे फाटलं, ते वर्षानुवर्षं सांधलं नाही. २००९ मध्ये 'लेजेंड्स ऑफ रेसलमेनिया' हा फक्त जुन्या पैलवानांचा गेम आला. जपानच्या यूक्स कंपनीनं तो बनवला आणि टीएचक्यूनं विकला. त्यात हल्क होगन होता, आंद्रे द जायंट होता, आयर्न शेख होता. सॅव्हेज नव्हता. १९८८ च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वार्षिक महासोहळ्यात, एका रात्रीत चार लढती मारून ज्यानं पट्टा जिंकला, तोच रेसलमेनियाच्या दंतकथांच्या गेममध्ये नाही! खेळणाऱ्यांना वाटलं, विसरले असतील. विसरलं कुणीच नव्हतं. सही नव्हती.

ती सही पुढच्या गेमसाठी झाली. 'डब्ल्यूडब्ल्यूई ऑल स्टार्स' हा टीएचक्यूच्या सॅन डिएगो स्टुडिओचा गेम मार्च २०११ मध्ये आला. यात जुने आणि नवे समोरासमोर होते, आणि सगळ्यांची अंगं मुद्दाम फुगवलेली होती. दंड मांडीएवढे, उडी मारली की माणूस दोन पुरुष उंच जायचा. जानेवारीत त्याच्या प्रचारासाठी एक छोटी चित्रफीत निघाली आणि त्यात सॅव्हेज स्वतः आला. दाढी पांढरी झालेली, आवाज मात्र तोच. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर त्याला परत आणलं ते कुठल्या मोठ्या सोहळ्यानं नाही, एका बाहुलीनं आणि एका व्हिडिओ गेमनं. खेळणी बनवणाऱ्या मॅटेलचा आणि गेमवाल्यांचा आग्रह कामी आला. गेम येऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच २० मे २०११ रोजी फ्लोरिडात गाडी चालवताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. हॉल ऑफ फेम त्याला मिळालं २०१५ मध्ये. जिवंतपणी त्याची घरवापसी झाली ती एवढीच.

अल्टिमेट वॉरियरची गोष्ट तर अंगावर येते. चेहऱ्यावर रंग, दंडाला दोऱ्या, दोरखंड हलवत रिंगभर धावणारा हा माणूस १९९३ मध्ये कोर्टात गेला आणि त्यानं आपलं कायदेशीर नावच 'वॉरियर' करून घेतलं. कारण साधं होतं. नाव कुणाचं, पात्र कुणाचं, यावर कंपनीशी वाद. पुढे खटले झाले, आणि २००५ मध्ये कंपनीनं त्याच्यावर एक डीव्हीडी काढली, जिचा सगळा सूर 'हा माणूस स्वतःच्या हातानं कसा बुडाला' असा होता. आठ वर्षांनी, २०१३ च्या उन्हाळ्यात, 'डब्ल्यूडब्ल्यूई २के१४' ची घोषणा झाली आणि जो आगाऊ नोंदणी करेल त्याला बक्षीस म्हणून वॉरियर मिळणार असं ठरलं. जाहिरातीत तो खुद्द होता. समेटाचं पहिलं पाऊल गेमनं टाकलं. ५ एप्रिल २०१४ रोजी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ७ एप्रिलला तो टीव्हीवर लोकांसमोर उभा राहिला, ८ एप्रिलला संध्याकाळी ऍरिझोनात पत्नीबरोबर गाडीकडे चालत जाताना कोसळला. मधल्या ६ एप्रिलला आणखी एक गोष्ट घडली. याच २के१४ मध्ये 'अंडरटेकर या पैलवानाची रेसलमेनियातली अजिंक्य मालिका मोडून दाखवा' असा एक खास खेळप्रकार होता, २१ विजय आणि एकही हार नाही. त्या रात्रीच्या रेसलमेनियात ब्रॉक लेस्नरनं ती खरोखरच मोडली. गेम दुकानांत येऊन सहा महिनेही झाले नव्हते.

ओवेन हार्ट या पैलवानाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत, छतावरून दोरीनं खाली उतरण्याचा देखावा करताना तो सुमारे ७८ फुटांवरून रिंगमध्ये पडला आणि गेला. तेव्हा 'डब्ल्यूडब्ल्यूएफ ॲटिट्यूड' हा ॲक्लेमचा गेम तयार होत आला होता आणि ओवेन त्यात होता. त्याला काढलं नाही. गेम त्याच्या स्मृतीला अर्पण करून बाजारात आणला. त्यानंतर मात्र त्याची पत्नी मार्था हार्ट हिनं कंपनीला नवऱ्याचं नाव आणि चेहरा वापरू द्यायला ठाम नकार दिला. हॉल ऑफ फेमलाही नकार. जवळपास दोन तपं गेली. २०२१ मध्ये तिनं दुसऱ्या कंपनीशी, एईडब्ल्यूशी, ओवेनच्या नावच्या स्पर्धेचा करार केला, आणि जून २०२३ मध्ये 'एईडब्ल्यू फाइट फॉरएव्हर' आला तेव्हा ओवेन पुन्हा खेळता आला. ज्या बाईनं एवढी वर्षं 'नाही' म्हटलं, तिनं जिथं विश्वास वाटला तिथंच 'हो' म्हटलं. मला हा या सगळ्या गेमच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा किस्सा वाटतो, कारण यात पैशापेक्षा एका माणसाचा शब्द वरचढ ठरला.

यादीत येणं जसं असतं, तसं यादीतून जाणंही. २०१५ च्या जुलैत हल्क होगनचं वर्णद्वेषी बोलणं बाहेर आलं आणि कंपनीनं त्याच्याशी संबंध तोडले. त्या वर्षीच्या २के१६ मध्ये तो नव्हता. २के२० मध्ये परत आला. कुस्तीच्या गेमचं मुखपृष्ठच ज्याच्या मिशांवर उभं राहिलं, तो मधली वर्षं असा पुसला गेला की नवख्या पोराला वाटावं, हा कधी नव्हताच.

आणि चेहऱ्याचा करार झाला तरी कातडीचा राहतो! रँडी ऑर्टनच्या दंडांवरचे टॅटू काढले होते इलिनॉयमधल्या कॅथरीन अलेक्झांडर या कलाकार बाईनं. गेममध्ये ऑर्टन हुबेहूब दाखवायचा तर टॅटूही हुबेहूब लागणार. पण चित्राचा हक्क चित्र काढणाऱ्याचा, ज्याच्या अंगावर आहे त्याचा नाही, असं म्हणत तिनं दावा लावला. २०२२ मध्ये ज्यूरीनं तिच्या बाजूनं कौल दिला आणि भरपाई ठरवली ३,७५० डॉलर. रक्कम किरकोळ, पण तेव्हापासून गेम बनवणाऱ्यांच्या कागदपत्रांत टॅटूवाल्याच्या परवानगीचा रकाना पक्का झाला असणार, एवढं नक्की.

आता जपानकडे वळतो, कारण तिथून रस्ता पुन्हा आपल्या मातीत येतो. यूक्स ही ओसाकाजवळच्या साकाईतली कंपनी. १९९३ मध्ये सुरू झाली आणि 'स्मॅकडाउन' मालिकेनं नावारूपाला आली. कुस्तीचे गेम करता करता या मंडळींनी २००५ मध्ये एक अचाट गोष्ट केली. त्यांनी न्यू जपान प्रो रेसलिंग ही खरीखुरी कुस्ती कंपनीच विकत घेतली. विकणारा होता तिचा संस्थापक अँटोनियो इनोकी. २०१२ पर्यंत पैलवानांचे पगार गेम कंपनीच्या तिजोरीतून निघत होते!

हा इनोकी १९७६ च्या जूनमध्ये टोकियोत महंमद अलीसमोर उभा राहिला होता, ते जगाला माहीत आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो कराचीत अक्रम पैलवानाशी लढला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. अक्रम म्हणजे इमाम बख्श यांचा मुलगा, म्हणजेच थोर गामा पैलवानाचा सख्खा पुतण्या. गामानं १९१० मध्ये लंडन गाठलं होतं, झ्बिस्को या पोलिश मल्लाला तासन् तास खाली दाबून धरलं होतं आणि १९२८ मध्ये पतियाळात त्याला मिनिटभरात चीत केलं होतं. त्या घराण्याच्या अक्रमचा हात इनोकीनं पिरगाळून खांद्यातून निखळवला. इनोकी जपानी कुस्ती गेममध्ये आहे. गामाचं घराणं नाही. सगळा हिशेब त्या एका करारपत्राशी येऊन थांबतो.

यूक्सनं डब्ल्यूडब्ल्यूईचे गेम २के१९ पर्यंत केले. मग काम पूर्णपणे व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स या स्टुडिओकडे गेलं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये २के२० आला तो चुकांनी भरलेला. पैलवान रिंगच्या फळ्यांतून आरपार जायचे, केस हवेत सुटायचे. कळस झाला तो १ जानेवारी २०२० रोजी. वर्ष बदललं आणि गेम सुरूच होईना. शेवटी खेळणाऱ्यांनीच शोधून काढलं की यंत्रातलं घड्याळ मागं नेऊन २०१९ ठेवलं की तो चालतो. दुरुस्ती लगेच आली, पण पुढच्या वर्षीचा मुख्य गेम कंपनीनं रद्दच केला. इकडे कामातून मोकळ्या झालेल्या यूक्सनं एईडब्ल्यूचा गेम हाती घेतला, आणि तो रचायला बोलावलं हिदेयुकी इवाशिता यांना. २००० साली आलेला 'नो मर्सी', ज्याला आजही जाणकार सर्वोत्तम कुस्ती गेम म्हणतात, तो याच माणसाच्या हातचा. ओवेन हार्ट परत आला तो याच गेममध्ये.

आता दिल्ली. कॅनॉट प्लेसमध्ये जमिनीखाली पालिका बाजार आहे. तिथल्या गल्ल्यांत, आणि नेहरू प्लेस नि गफ्फार मार्केटात, उत्तर भारतातल्या दोन पिढ्यांनी आपले गेम घेतले. अस्सल डिस्कची किंमत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून चिप बसवलेला प्लेस्टेशन टू, म्हणजे पीएस टू, आणि प्लास्टिकच्या पाकिटातली नक्कल. हे बेकायदा होतं, अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयानं बदनाम बाजारांच्या यादीत दिल्लीच्या या बाजारांची नावं घातली, ते सगळं खरं. पण त्याच गल्ल्यांत एक विलक्षण काम चालत होतं. २००३ चा 'हिअर कम्स द पेन' किंवा २०१० च्या आसपासचा पीएस टू गेम घ्यायचा, त्यातले पैलवान बदलायचे, नवे कपडे, नवी गाणी घालायची आणि पाकिटावर ताज्या वर्षाचा आकडा छापायचा. ज्या यंत्रासाठी कंपनीनं गेम करणं थांबवलं होतं, त्या यंत्रावर पोरं नव्या सालचा गेम खेळत होती. हे बदल करणारे जगभरचे हौशी लोक, विकणारे इथले दुकानदार. गरीब घरातल्या पोराला रोमन रेन्ससारखा नवा पैलवान मिळाला तो या वाटेनं.

त्याही आधी, जेव्हा घरात यंत्रच नव्हतं, तेव्हा आमच्या हातात ट्रम्प कार्ड्स होती. उंची, वजन, छाती, दंड, क्रमांक. मधल्या सुट्टीत योकोझुनाचं वजन काढलं की समोरचा गप्प, जायंट गोन्झालेझची उंची काढली की खेळ खल्लास. जळगाव असो वा जनकपुरी, आकडे पोरांना तोंडपाठ असत. आजच्या गेममध्ये प्रत्येक पैलवानाला शंभरपैकी गुण असतात आणि नवे गुण जाहीर झाले की खरे पैलवान कॅमेऱ्यासमोर येऊन 'मला एवढे कमी का' म्हणून भांडतात. ती कार्डं हाताळलेल्या कुणालाही हे भांडण परकं वाटणार नाही.

दिल्लीशी बांधलेला आणखी एक किस्सा आहे. चांदनी चौकात वाढलेल्या अक्षय कुमारनं १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अंडरटेकरला उचलून आपटलं आणि सारा देश टाळ्या पिटत उठला. तो अंडरटेकर नव्हता. तो होता ब्रायन ली नावाचा पैलवान. अंगकाठी इतकी मिळतीजुळती की १९९४ च्या समरस्लॅममध्ये कंपनीनं त्यालाच नकली अंडरटेकर म्हणून खऱ्याच्या समोर उभा केला होता. २०२१ मध्ये अक्षयनं स्वतः समाजमाध्यमावर हे उघड केलं, तोवर पंचवीस वर्षं कित्येकांनी शपथेवर सांगितलं असेल की खिलाडीनं अंडरटेकरला हरवला.

खलीचं मात्र सगळं खरं. हिमाचलातल्या सिरमौर जिल्ह्यातलं धिराइना गाव, पंजाब पोलिसातली नोकरी, २००६ मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्याच फटक्यात अंडरटेकरशी गाठ, २००७ च्या जुलैत जागतिक हेवीवेट पट्टा. 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००८' मध्ये तो आला तेव्हा पालिका बाजारात त्याचं चित्र दुकानादुकानांतून लटकलं असणार, यात नवल काय! पण खलीसारखा सात फुटी माणूस गेममध्ये बसवणं ही बनवणाऱ्यांची डोकेदुखी असते, आणि हे थोडं जवळून बघण्यासारखं आहे.

कुस्तीच्या गेममधला कुठलाही डाव एकट्याचा नसतो. क्रिकेटच्या गेमात फलंदाजाचा फटका वेगळा नोंदवता येतो, गोलंदाजाची धाव वेगळी. कुस्तीत उचलणारा आणि उचलला जाणारा, दोघांची हालचाल एकाच वेळी, एकाच जोडीत टिपावी लागते. त्यासाठी दोन पैलवान घट्ट काळे कपडे घालून उभे राहतात, अंगभर छोटे चकचकीत गोळे चिकटवलेले असतात, चहूबाजूंनी कॅमेरे त्या गोळ्यांची जागा टिपत असतात. आणि कुस्ती म्हणजे अंगाला अंग! एकानं दुसऱ्याला मिठीत घेतलं की छातीवरचे, पोटावरचे गोळे झाकले जातात आणि कॅमेऱ्याला दिसेनासे होतात. मग संगणकावर बसलेला माणूस एकेक चौकट थांबवून हरवलेला गोळा हातानं जागेवर ठेवतो. एवढं करून तयार झालेला डाव असतो साधारण सारख्या बांध्याच्या दोघांचा. तो खलीला लावला की त्याचे हात समोरच्याच्या कमरेपाशी पोचण्याऐवजी भलतीकडेच जातात, किंवा बोटं पाठीत घुसतात. म्हणून अवाढव्य पैलवानांसाठी डाव वेगळे ठेवतात, आणि लहानखुऱ्या गड्याला त्यांना उचलताच येणार नाही असा नियम घालतात.

जुन्या पैलवानाची अडचण निराळीच. जिवंत असेल तर त्याला खुर्चीत बसवून चहूकडून फोटो काढतात आणि त्यातून चेहरा उभा करतात. पण तो चेहरा सत्तरीचा असतो आणि गेमला हवा असतो तिशीचा. गेलेला असेल तर जुनी छायाचित्रं, जुन्या फिती. आंद्रे द जायंट १९९३ मध्ये गेला, म्हणजे गेममधला प्रत्येक आंद्रे हा कुणीतरी जुनी चित्रं तासन् तास बघून घडवलेला आहे. चालताना तो किंचित पुढे झुकायचा, एका हातानं दोरखंड धरून रिंगमध्ये यायचा, हे टिपायला जिवंत माणसाची नजर लागते.

असली नजर असलेली माणसं दिल्लीच्या शेजारीच आहेत. गुडगावमधला लक्ष्य डिजिटल हा स्टुडिओ २००४ पासून परदेशी गेमसाठी चित्रकाम करतो. २०१४ मध्ये तो आयर्लंडच्या कीवर्ड्स कंपनीनं घेतला. अशा जागी बसून आपल्या पोरी-पोरं कुणाच्या तरी बुटांचे बंद, घामाची चमक, जुन्या जखमेची शिवण घडवतात. काम गुप्त ठेवण्याच्या करारावर सही केलेली असते, त्यामुळे घरी आईलासुद्धा सांगता येत नाही की आज मी कुणाचं नाक केलं. गेम संपल्यावर जी नावं सरसर वर जातात, त्यात कुठंतरी यांची ओळ असते, आणि ती वाचायला कुणी थांबत नाही. मी थांबतो.

डब्ल्यूडब्ल्यूईची मंडळी दिल्लीत येऊन गेली तेव्हाची गर्दी आठवते. जानेवारी २०१६ मध्ये इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियमवर सलग दोन रात्री, नंतर ९ डिसेंबर २०१७ रोजी तिथंच जिंदर महल विरुद्ध ट्रिपल एच. ज्या शहरानं एवढी माणसं जमवली, त्याच शहरात शक्तिनगरजवळ गुरू हनुमानांचा आखाडा आहे. पैलवान सतपाल तिथले. त्या सतपालला १९७७ मध्ये बेळगावात आमच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी चीत केलं, तेव्हा मैदानावर फेटे उडाले. त्याआधी १९५९ मध्ये दिल्लीतच, एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे पंजाबच्या बनता सिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. सीमाभागातला एक पैलवान देशाच्या राजधानीत मानाची गदा खांद्यावर घेऊन उभा राहतो, यापेक्षा मोठा 'क्लासिक' सामना गेमवाल्यांना आणखी कुठला हवा?

दारासिंग आणि अमेरिकी कुस्ती यांचा धागा तर थेट आहे. १९६८ मध्ये मुंबईत त्यांनी लू थेझला हरवलं, आणि थेझ हा अमेरिकेच्या व्यावसायिक कुस्तीचा मेरुमणी. थेझच्या आणि दारासिंगच्या जोडीचा एक सामना गेममध्ये आला, तर एका बाजूला आयोवापासून दुसऱ्या बाजूला अमृतसरपर्यंत लोक खेळतील. हॉल ऑफ फेमची पाटी लावण्यासाठी एक निवेदन पुरतं. गेमला चेहऱ्याचा हक्क लागतो, कुटुंबाशी बोलणी लागतात, फितींचे हक्क लागतात, शिवाय विकत घेणारं गिऱ्हाईक कुठं आहे याचं गणित. ते गणित आजवर अमेरिका, इंग्लंड, जपान इथंच मांडलं गेलं. १ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई भारतात नेटफ्लिक्सवर दिसू लागलं आहे. आता तरी कुणी हे गणित इकडून मांडावं.

तोवर गेममध्ये 'स्वतःचा पैलवान बनवा' ही सोय आहे आणि तिच्यात बसून मी दारासिंग घडवायला घेतला. उंची सहा फूट दोन. खांदे रुंद, कंबर मात्र जाड ठेवावी लागली, कारण ते शरीर यंत्रावर कापून काढलेलं नव्हतं, दूध-तुपावर आणि जोर-बैठकांवर भरलेलं होतं. गेमच्या सरकपट्ट्या सगळ्या सहा पाकळ्यांच्या पोटाकडे ओढतात. चेहऱ्यावर ते मंद हसू आणायला फार वेळ गेला. लांघ बांधलेला लंगोट कुठल्याच कपाटात मिळाला नाही, साध्या चड्डीवर भागवावं लागलं. आणि खरी पंचाईत डावांची. ढाक नाही, कलाजंग नाही, मोळी नाही, घिस्सा नाही. धोबीपछाड शोधला तर त्याच्या जवळपासचा एक हिपटॉस सापडला, पण त्यात शेवटचा झटका नाही, समोरचा नुसता आडवा होतो, आपटत नाही.

हे डाव टिपून ठेवण्याची घाई आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे. गुडगावात घडवणारे हात आहेत, तंत्र पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झालं आहे. कोल्हापूरच्या तालमींत आणि दिल्लीच्या आखाड्यांत अजून असे वस्ताद आहेत, ज्यांनी बिराजदारांची ढाक आणि सतपालची पकड डोळ्यांनी पाहिली, काहींनी स्वतः अंगावर झेलली. खंचनाळे २०२० मध्ये गेले, बिराजदार २०११ मध्ये. उरलेल्या वस्तादांना गोळे चिकटवलेले कपडे घालून मातीत उभं करता येणार नाही, पण त्यांच्यासमोर दोन तरुण मल्ल उभे करून 'असं नाही, हात असा घाल, गुडघा आत घे' हे त्यांच्या तोंडून वदवून घेता येईल आणि प्रत्येक डाव जोडीनं नोंदवता येईल. त्या नोंदींचे हक्क मल्लांच्या आणि वस्तादांच्या नावावर राहतील असा करार आधी करावा, आणि सुरुवात धोबीपछाडापासून करावी.